सत्यान्वेषी आणि पंच

१९९३ साली तालुक्याच्या गावी माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्त केलेला संच लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करता येत नाही, तो तापू द्यावा लागतो. तापल्यावर चित्र आकसते का, वरखाली सरकते का, हे दोन-तीन तास चालवल्याखेरीज कळत नाही. त्यामुळे माझ्याकडे एखादा तरी टीव्ही कायम चालू असे आणि दुकानापुढच्या बाकावर चार-पाच माणसे कायम बसलेली असत. त्या वर्षी दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाली आणि चारपाचाची पंधरा माणसे झाली. भाग संपण्याआधी खुनी ओळखायचा, चुकेल त्याने चहा पाजायचा, असा नेम होता. मी फारसा चुकत नसे. ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही, जो मदतीला पुढे पुढे करतो, त्याच्याकडे लक्ष ठेवायचे, एवढेच माझे तंत्र होते. बाकावर मला त्या काळी ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. हे टोपणनाव मला आवडत होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने जुन्या मालिका बाहेर काढल्या, त्यांत ब्योमकेशही आला. बाकावरचे आम्ही सातआठ जण अजून फोनवर बोलतो. कोणी निवृत्त कॅशियर आहे, कोणी मुलाकडे पुण्याला राहायला गेला आहे. त्या दिवसांत रोज बोलणे व्हायचे आणि ते आवडत्या रहस्यमालिकांवर जायचे. कोणाला ‘करमचंद’ आवडायचा, कोणाला ‘सीआयडी’. एकाच्या मुलाने त्याला ‘कोलंबो’ आणि डेव्हिड सुशेचा ‘प्वारो’ दाखवला होता आणि आता तो इतरांना खिजगणतीत धरत नव्हता. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुझ्या आवडत्या भागात खुनी कोण होता?

कोणालाच आठवेना. करमचंदचे गाजर आठवत होते, किटीचे प्रश्न आठवत होते. सीआयडीमधला दया दरवाजा तोडतो, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. ब्योमकेशच्या बाबतीत ग्रामोफोनच्या पिना आठवत होत्या, कोळ्याचा रस आठवत होता. पण त्या पिना कोणी मारल्या आणि का, हे विचारल्यावर पलीकडे शांतता. ज्या उत्तरासाठी आम्ही चहाची पैज लावत होतो, ते उत्तरच सगळे विसरले होते. मग आम्हांला नेमके आवडले होते काय? या प्रश्नाच्या मागे मी गेली काही वर्षे आहे. जे हाती लागले ते इथे मांडतो.

माझे शिक्षण आयटीआयचे. वाङ्मयाचा अभ्यास म्हणून जो काही आहे तो सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांसमोर उभे राहून केलेला. आमच्या पिढीला रहस्यकथेचा नाद बाबूराव अर्नाळकरांनी लावला. झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत हातोहात फिरत. त्या वाचनावर वाढलेल्या माणसाला ब्योमकेश पहिल्यांदा अळणीच वाटतो. मारामारी नाही, वेषांतर क्वचित, भुयार नाही. धोतर-कुडत्यातला एक माणूस खोलीत बसून विचार करतो आणि शेजारी त्याचा लेखक मित्र अजित बसलेला असतो. वयाच्या पंचेचाळिशीत मी बंगाली लिपी शिकलो ती मूळ कथा वाचण्यासाठी. बंगाली जोडाक्षरे सुरुवातीला मला अनोळखी संचाच्या सर्किटसारखी दिसत : कुठली तार कुठे गेली आहे, ते बोट ठेवून शोधावे लागे. वर्षभरात ‘ब्योमकेश समग्र’ अडखळत का होईना, वाचता येऊ लागले.

तेव्हा समजले की या लेखकाचा महाराष्ट्राशी संबंध आपण समजतो त्याहून कितीतरी जवळचा आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) जन्मले जौनपूरला. पाटण्याला कायदा शिकले आणि १९२९मध्ये वकिली सोडून पूर्णवेळ लेखक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२पासूनच्या. १९३८मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले. मग बराच काळ ब्योमकेश गप्प होता. १९५१च्या सुमारास त्यांनी तो पुन्हा हाती घेतला, १९५२मध्ये पुण्याला राहायला आले आणि अखेरपर्यंत पुण्यातच राहिले. म्हणजे ब्योमकेशच्या निम्म्याहून अधिक कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. ज्यावर सत्यजित राय यांनी १९६७मध्ये उत्तमकुमारला घेऊन चित्रपट केला ती ‘चिडियाखाना’ त्यांतलीच. ‘शैलरहस्य’ नावाच्या कथेत तर ब्योमकेश महाबळेश्वरच्या हॉटेलात उतरतो आणि तिथून अजितला पत्रे लिहितो. याच लेखकाने शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आपल्या शहरात अठरा वर्षे राहिलेल्या या माणसाची पुण्याने किती दखल घेतली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख रागाने लिहिला जाईल, म्हणून इथे थांबतो.

मला महत्त्वाची वाटली ती वकिली. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला तयार नसतो. ‘गोयेंदा’ हा बंगाली शब्दही त्याला आवडत नाही. त्याच्या दारावर पाटी आहे ‘सत्यान्वेषी’ अशी. मालिकेच्या चाहत्यांना हा शब्द फार प्रिय आहे आणि मलाही होता. कायदा शिकून सोडलेल्या माणसाने आपल्या नायकासाठी हा शब्द निवडला, हे कळल्यावर मात्र तो मला वेगळा दिसू लागला. वकिलाचा संबंध सत्याशी नसतो, पुराव्याशी असतो. लेखकाने ज्या धंद्याकडे पाठ फिरवली, त्याच्या उंबऱ्यापाशी येऊन त्याच्या कथाही थांबतात.

या कथांचे शेवट एकापुढे एक ठेवून पाहावेत. (ज्यांना अजून वाचायच्या किंवा पाहायच्या आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे.) ग्रामोफोनच्या पिनांनी माणसे मारणारा, पोलिसांच्या ताब्यात जायच्या आधी विष खातो. मृत्युपत्राच्या कथेत, जिथे ब्योमकेशला सत्यवती भेटते, तिथला खुनी फणी आपला शेवट स्वतःच करतो. ‘चिडियाखाना’मधले अपराधी दांपत्य विष घेऊन मरते. ‘आदिम रिपु’ ही कथा कलकत्त्यातल्या दंगलींच्या आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या दिवसांत घडते. तिथे तर ब्योमकेश सगळे जाणूनही गुन्हेगाराला सोडून देतो आणि ज्या काळ्या पैशासाठी एवढे घडले त्या नोटा जाळतो. पहिल्याच कथेतला होमिओपॅथी डॉक्टर तेवढा रीतसर पकडला जातो, तर तो पुढे ‘उपसंहार’मध्ये सूड घ्यायला परत येतो! ‘शैलरहस्य’मध्ये तर तपासाला चालना देते ते मेलेल्या माणसाचे अस्तित्व. भुताची साक्ष कोणत्या न्यायाधीशाने नोंदवून घ्यावी?

सगळ्याच कथा अशा नाहीत. पण ज्या आमच्या बाकाला आवडल्या, ज्या अजून सांगितल्या जातात, त्यांत उलटतपासणी क्वचितच येते. ब्योमकेश सांगतो, अजित ऐकतो, आपण मान डोलावतो. सत्य सापडले, एवढे पुरते. ते शाबीत करायची वेळ लेखक येऊ देत नाही. माझ्या मते शरदिंदूंचे हे अनवधान नव्हे. कोर्टात सत्याचे काय होते ते त्यांना माहीत होते आणि आपल्या नायकाला त्यांनी त्यातून वाचवले.

मालिकेत हे आणखी ठळक होते आणि त्याला कारण आहे अजित. कथांमध्ये अजित निवेदक आहे, जे कळते ते त्याच्या वाक्यांतून. (शेवटच्या काही कथांत लेखकाने त्यालाही बाजूला केले.) पडद्यावर निवेदन कॅमेरा करतो, मग अजितला काम उरत नाही. के. के. रैना यांनी या रिकाम्या जागेचे जे केले ते मला मालिकेतले सर्वांत अवघड काम वाटते. ते ऐकतात. मधूनच शंका काढतात, बहुतेक वेळा चुकतात आणि चुकल्याचे त्यांना वाईट वाटत नाही. रजित कपूर यांचा ब्योमकेशही उत्तर सापडल्यावर खूश होत नाही, थोडा दमतो. आज पाहताना नेपथ्याची गरिबी डोळ्यांवर येते : त्याच त्या खोल्या, तेच दरवाजे, बाहेरचे कलकत्ता जेमतेम दिसते. पण दोन माणसे खोलीत बसून एकमेकांवर विश्वास ठेवत आहेत, हे पाहायला महागडे नेपथ्य लागत नाही. सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी आल्या तेव्हा बाकावर झालेला आनंद वेगळाच होता. त्या दिवशी खुनी ओळखायची पैज लावायला सगळे विसरले.

‘सीआयडी’कडे वळण्याआधी कबूल करतो की त्या मालिकेवर टीका करणे हे मराठी घरात आजीवर टीका करण्यासारखे आहे. जानेवारी १९९८मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८पर्यंत चालली, भाग झाले १५४७, आणि २०२४च्या डिसेंबरात ती परत आली. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची जोडी आपल्याला मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’पासून परिचित होती. २००४मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग लोणावळ्यात एका दमात, कॅमेरा न थांबवता चित्रित केला. कारागीर म्हणून मी त्याला आजही सलाम करतो. पण साच्याकडे पाहा. डॉ. साळुंखे यंत्रातून एक कागद काढतात, संशयिताला एक थप्पड बसते आणि तो सगळे भडाभडा सांगून टाकतो. तिथे भाग संपतो. प्रेक्षकाच्या मनात फाशी झालेलीच असते.

या देशातल्या कायद्याप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम तेच सांगत होते. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते तेविसाव्या कलमात आहे. म्हणजे आमच्या सर्वांत लाडक्या पोलीसमालिकेचा जो शेवट, तो कोर्टाच्या दृष्टीने शून्य. एकच वाट मोकळी आहे : आरोपीने कोठडीत असताना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्याचे हे सत्ताविसावे कलम. आणि ती वस्तू खरोखर तशीच मिळाली, हे सांगायला दोन माणसे लागतात. त्यांना पंच म्हणतात. वीस वर्षांच्या सीआयडीत ज्याच्यावाचून कथा अडली असा एकही पंच मला आठवत नाही.

बाहेरच्या मालिका याला अपवाद आहेत असे नाही. कोलंबोत (पहिला दूरचित्रपट १९६८चा, नियमित मालिका १९७१पासून) खून कोणी केला ते आरंभीच दाखवतात. पीटर फॉकचा तो गबाळा लेफ्टनंट निघता निघता पुन्हा वळतो आणि आणखी एक प्रश्न विचारतो. तिथे ‘कोण’ हा प्रश्नच नाही, ‘सापडेल कसा’ एवढाच आहे. तरीही शेवटी जो सापळा लागतो, त्याचा पुरावा कोर्टात टिकला असता का, हा चाहत्यांच्या आवडीचा वाद आहे. प्वारोच्या मालिकेने (१९८९ ते २०१३, सत्तर भाग) मात्र एक गोष्ट अशी केली की जी मला मूळ पुस्तकाहून मोठी वाटते. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ या १९३४च्या कादंबरीत प्वारो गुन्हेगारांना सोडून देतो ते जवळजवळ सहज. २०१०च्या दूरचित्रणात डेव्हिड सुशेचा प्वारो तोच निर्णय घेतो, पण बर्फातून जपमाळ हातात घट्ट धरून चालत जाताना त्याचा चेहरा पाहवत नाही. सत्य कळलेल्या माणसाने स्वतःच न्यायाधीश व्हायचे ठरवले की काय मोजावे लागते, ते त्या एका चेहऱ्यावर आहे. ‘आदिम रिपु’मध्ये ब्योमकेश जे करतो तेच हे. फक्त त्याला नोटा जाळून मोकळे होता येते.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगितल्याशिवाय हे सगळे लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न उरतो.

१९९४च्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळ एका तरुणाचा खून झाला. तो पिठाच्या गिरणीत भागीदार होता. बाकावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता आणि तिसऱ्या दिवशी मी निकाल दिला. माझे तंत्र तेच : जो सर्वांत पुढे होऊन धावपळ करत होता, तो दुसरा भागीदार. सगळ्यांना पटले. आठवड्याने पोलिसांनी त्यालाच पकडले, तेव्हा मला त्या दिवशीचा चहा मिळाला. हे लिहिताना आजही हात थबकतो, पण मिळाला आणि मी तो प्यायलो.

पोलीस ठाणे माझ्या दुकानापासून जवळ होते. एका संध्याकाळी शिपाई आला. साहेब बोलावताहेत, पाच मिनिटांचे काम आहे. मी हातातली सोल्डरिंगची कामे तशीच ठेवून गेलो. टेबलावर कागदात गुंडाळलेले, लाखेचे सील केलेले पुडके होते आणि लिहून तयार असलेला पंचनामा होता. त्यात लिहिले होते की आरोपीने माझ्यासमोर निवेदन केले, मी पोलिसांबरोबर जीपने ओढ्याकाठी गेलो आणि आरोपीने दगडांखालून कोयता काढून दिला तो मी पाहिला. मी कुठेही गेलो नव्हतो. अधिकारी म्हणाले, जाऊन आलोय, अंधार पडला होता म्हणून तुम्हांला त्रास दिला नाही. मी सही केली. पुडक्यावरच्या चिठ्ठीवरही केली. कोणी धमकावले नाही, कोणी पैसे दिले नाहीत. खुनी कोण ते मला माहीतच होते, मग कोयता दगडाखालून निघाला की आणखी कुठून, याने काय फरक पडणार होता? सत्य सापडलेले होते. मी फक्त त्याच्याखाली सही करत होतो.

समन्स आले ते पाच वर्षांनी. तेव्हा ‘सीआयडी’ जोरात होती. सत्र न्यायालयात सरकारी वकिलांनी विचारले, पंचनाम्यावरची सही तुमचीच का? मी म्हणालो, माझीच. मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर होते, आवाज अजिबात चढवत नव्हते. ओढ्याला त्या दिवशी पाणी किती होते? जीपमध्ये तुम्ही पुढे बसलात की मागे? दुसरे पंच तुमच्या डाव्या हाताला होते की उजव्या? एखादे उत्तर ठोकून देता आले असते, बरेच जण देतात. मी म्हणालो, मी ओढ्यावर गेलो नव्हतो.

त्यानंतर मला फितूर घोषित केले गेले. कोर्टाच्या भाषेत फितूर म्हणजे ज्याच्याकडून साक्ष अपेक्षित होती त्या बाजूविरुद्ध बोलणारा. त्या सगळ्या प्रकरणात मी एकदाच खरे बोललो होतो आणि तेव्हाच फितूर ठरलो. पुढे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. बाकावर मला पुन्हा कोणी इन्स्पेक्टर म्हटले नाही. त्याने खून केला होता असे गाव आजही म्हणते. मीही पूर्वी म्हणत असे. आता विचारले तर सांगतो की माझे तंत्र दूरदर्शनच्या मालिकांसाठी बरे होते.

आता झडती-जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे नव्या कायद्याने बंधनकारक आहे. मोबाइलवरही चालते. माझ्यासारख्याच्या सहीपेक्षा कॅमेरा बरा, असे टीव्हीवाल्याने म्हणायला हरकत नाही.

या अनुभवानंतर रहस्यमालिका पाहणे मी काही वर्षे सोडले होते. परत वळलो तो एका चित्रपटामुळे आणि मला जे म्हणायचे होते ते तिथे सापडले. बासू चॅटर्जी यांना आपण ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’वाले म्हणून ओळखतो. ब्योमकेशच्या सात वर्षे आधी, १९८६मध्ये, त्यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ केला. रेजिनाल्ड रोज यांनी १९५४मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा तो हिंदी अवतार. बापाच्या खुनाचा आरोप असलेला मुलगा, त्याचा निकाल द्यायला बंद खोलीत बसलेले बारा ज्युरर. आपल्याकडे ज्युरीची पद्धत नानावटी खटल्यानंतर मागे पडत गेली होती, त्यामुळे कथा इथल्या मातीत थोडी परकी वाटते, पण ते पाच मिनिटे. अकरा जणांना मुलगा दोषी वाटतो. आठव्या क्रमांकाचा ज्युरर म्हणतो, मला खात्री नाही. हा आठवा ज्युरर म्हणजे के. के. रैना. त्याला सर्वांत शेवटपर्यंत विरोध करणारा, संतापाने पेटलेला तिसरा ज्युरर म्हणजे पंकज कपूर, आमचा करमचंद. टीव्हीवरचा एक गाजलेला गुप्तहेर आणि दुसऱ्या गुप्तहेराचा होणारा सोबती एकाच खोलीत बसलेले आहेत, त्यात गुप्तहेर म्हणतो फाशी द्या आणि सोबती म्हणतो थांबा. पात्रयोजना करताना कोणाच्या मनात हे नसणार, तो निव्वळ योग. मला मात्र तो चित्रपट त्याशिवाय पाहताच येत नाही.

त्या खोलीत जे चालते ते पंचाच्या पिंजऱ्यातले आहे. म्हातारा साक्षीदार लंगडत दारापर्यंत इतक्या सेकंदांत पोचेल का? चष्मा लावणाऱ्या बाईने झोपेतून उठून रस्त्यापलीकडचे काय पाहिले असेल? ओढ्याला पाणी किती होते, हाच तो प्रश्न. चित्रपट संपतो तेव्हा खून कोणी केला हे कळत नाही. मुलाने केलाही असेल. एवढेच ठरते की त्याला फास लावण्याइतके आपल्याला ठाऊक नाही. त्याच दिग्दर्शकाने पुढे ब्योमकेश केला आणि त्याच नटाला, ज्याने संशय जिवंत ठेवला होता, अजित म्हणून मान डोलावायला बसवले. मी अजितच्या शंकांना एवढे महत्त्व देतो ते यामुळे. त्या शंका जवळजवळ नेहमी चुकीच्या ठरतात, पण त्या काढणारे तिथे कोणीतरी बसलेले आहे. आमच्या बाकावर तसे कोणी नव्हते. तिथे पंधरा ब्योमकेश होते.

सुटकेनंतर सातआठ महिन्यांनी मृताची आई दुकानात आली. बरोबर भाच्याने धरलेला छोटा ब्लॅक अँड व्हाइट संच. आवाज होता, चित्र नव्हते. एलओटी गेली होती, ती बदलली, दोन दिवस तापवून पाहिला. ती न्यायला आली तेव्हा मी म्हणालो, “मावशी, पैसे राहू द्या.” ती म्हणाली, “किती झाले ते सांग.” सांगितले. तिने पिशवीतून पैसे काढून मोजून काउंटरवर ठेवले आणि पावती मागितली. मी पावतीपुस्तक काढून लिहिली. तिने ती हातात घेऊन पाहिली आणि परत पुढे केली. मी सही करायला विसरलो होतो.

यंदा फोनवरच्या मंडळींनी प्रत्येकाने आवडत्या पाच रहस्यकथांची यादी करायची असे ठरले, चित्रपट आणि मालिका दोन्ही चालतील. बहुतेकांच्या यादीत ब्योमकेश आहे, माझ्याही. त्यातला ‘मकड़ी का रस’ मी दुसरा लिहिला. तिथे अजित हिंडतो आणि ब्योमकेश घरी बसून उकल करतो. पहिल्या क्रमांकावर मी ‘एक रुका हुआ फैसला’ लिहिला. कॅशियरसाहेबांचा लगेच फोन आला. त्यात खुनी सापडतच नाही, मग ती रहस्यकथा कशी, असे त्यांचे म्हणणे. नियमात बसत नाही, यादी बदलून पाठवा. मी अजून बदललेली नाही.